टीबी होऊन गेलेलं फुप्फुस, बुरशी आणि एक महागडी रक्त तपासणी

घाटात रेंज गेली म्हणून ज्यांचा भाग अर्धवट राहतो, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लिखित रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधले "अं... म्हणजे..." काढलेत. मागे पाऊस पत्र्यावर वाजत होता, तो काही लिहिता येत नाही.

आजचा विषय एका व्हॉइस नोटमुळे निघाला. पोलादपूरकडच्या एका श्रोत्याने पाठवली. नाव सांगू नको म्हणालाय, म्हणून सांगत नाही. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: "दादा, काकांना सात वर्षांपूर्वी टीबी झाला होता. कोर्स पूर्ण केला, बरे झाले. आता वर्षभर खोकला आहे, वजन उतरलंय, दोनदा थुंकीतून रक्त पडलं. थुंकी तपासली तर टीबी निगेटिव्ह. डॉक्टरांनी आता रक्ताची एक तपासणी लिहून दिली आहे, अ‍ॅस्परजिलस आयजीजी. लॅबवाला म्हणतो सॅम्पल मुंबईला जाईल, महाग आहे. घरात सगळे म्हणतात, २०२१ मध्ये तर डॉक्टरच सांगत होते की बुरशी रक्तात सापडत नाही, तुकडा काढूनच बघावा लागतो. मग ही तपासणी म्हणजे पैसे काढायचा धंदा आहे का?"

प्रश्न एकदम मुद्द्याचा आहे. आणि गंमत अशी की घरचे बरोबर आहेत आणि डॉक्टरही बरोबर आहेत. हे दोन्ही एकाच वेळी कसं खरं असतं, तेवढंच आज सांगायचंय.

आधीच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी केली, मुंबईत दोन वर्षं लॅबमध्ये सॅम्पल हाताळली आणि आता कशेडीत घरी आहे. त्यामुळे तपासणी कशी चालते ते मी सांगू शकतो. काकांना काय द्यायचं ते त्यांचे डॉक्टर सांगतील.

तर सुरुवात कोविडपासून करू, कारण हे दोन शब्द आपण सगळे तेव्हाच शिकलो. अँटीजेन आणि अँटीबॉडी. नाकात काडी घालून पंधरा मिनिटांत रिपोर्ट यायचा, ती अँटीजेन टेस्ट. त्यात व्हायरसचाच एक तुकडा शोधतात. तुकडा सापडला म्हणजे चोर घरातच आहे. दुसरी ती रक्ताची, अँटीबॉडीची. त्यात चोर शोधतच नाहीत, चोर येऊन गेल्यावर घरच्यांनी जी कुलपं बसवली ती मोजतात. २०२० च्या जुलैमध्ये मुंबई महापालिकेने तीन वॉर्डांत सेरो सर्व्हे केला होता, आठवत असेल. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांच्या रक्तात अँटीबॉडी सापडल्या आणि इमारतींत १६ टक्के. आता ते ५७ टक्के लोक त्या दिवशी आजारी होते का? नव्हते. बहुतेकांना तर आपल्याला कोविड होऊन गेला हेही माहीत नव्हतं. त्यांच्या शरीराची आणि व्हायरसची कधीतरी गाठ पडली होती, एवढंच ती तपासणी सांगत होती.

म्हणजे अँटीबॉडीच्या तपासणीचा प्रश्नच वेगळा असतो. "शत्रू आत आहे का?" असं ती विचारत नाही. "तुझी फौज या शत्रूला ओळखते का, आणि किती जोरात ओळखते?" असं विचारते.

आता बुरशीकडे या. कोविडचा व्हायरस आपल्यासाठी नवीन होता. बुरशी जुनी शेजारीण आहे. आपल्या भागात तर विचारूच नका. जूनमध्ये कपाटात ठेवलेला चामड्याचा पट्टा ऑगस्टमध्ये पांढरा होऊन बाहेर येतो. भिंतीला काळे-हिरवे डाग, पेंढ्याच्या गंजीत हात घातला की उडणारी धूळ, भाकरी एक दिवस जास्त राहिली की तिच्यावर आलेला बुरा. २२ जुलै २०२१ ची ती रात्र आणि त्यानंतरचा आठवडा महाड-पोलादपूरवाले विसरणार नाहीत. तळिये, केवनाळे, सुतारवाडीला दरडी कोसळल्या, महाडच्या बाजारपेठेत सावित्रीचं पाणी शिरलं. पाणी उतरल्यावर गाद्या, लाकडी कपाटं, वह्या-पुस्तकं या सगळ्यांवर बुरशीच बुरशी होती. ती साफ करताना आपण ती श्वासात घेतलीच.

पूर नसतानाही घेतोच. अ‍ॅस्परजिलस नावाच्या बुरशीचे बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचे असतात, म्हणजे केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या-तिसाव्या भागाएवढे. रोज शेकडो आत जातात आणि फुप्फुसातल्या पेशी ते गिळून टाकतात. आपल्याला पत्ताही लागत नाही. पण शरीर थोडी नोंद ठेवतं. त्यामुळे धडधाकट माणसाचं रक्त तपासलं तरी अ‍ॅस्परजिलसविरुद्धच्या थोड्याफार अँटीबॉडी सापडू शकतात. कँडिडा नावाची बुरशी तर आपल्या आतड्यात राहतेच, तिच्या अँटीबॉडी असणारच.

इथे पहिली अडचण लक्षात आली असेल. ज्या शत्रूला सगळेच ओळखतात, त्याची ओळख आहे की नाही हे तपासून काय मिळणार?

दुसरी अडचण याहून मोठी आहे. बुरशी जेव्हा खरंच शरीरात घुसते, म्हणजे ऊती फाडत, रक्तवाहिन्यांत शिरत पसरते, त्याला डॉक्टर इन्व्हेझिव्ह इन्फेक्शन म्हणतात. हे कुणाला होतं? रक्ताच्या कॅन्सरसाठी केमोथेरपी चालू असलेल्यांना. अवयव किंवा बोनमॅरो बदललेल्यांना. भरपूर स्टेरॉइड घेतलेल्यांना. साखर फार चढलेल्यांना. म्हणजे यातल्या बऱ्याच जणांची फौज औषधांनी किंवा आजाराने बसलेली असते. आणि अँटीबॉडी कोण बनवतं? तीच फौज. ज्या माणसाला आजाराचा धोका सर्वात जास्त, त्याचंच शरीर अँटीबॉडी बनवायला सर्वात कमकुवत. अशा माणसाचा अँटीबॉडी रिपोर्ट निगेटिव्ह आला तर त्याचा अर्थ "बुरशी नाही" असाही होतो आणि "बुरशी आहे पण फौजच उठली नाही" असाही होतो. अशा रिपोर्टचं करायचं काय?

त्यातून फौज उठलीच तरी अँटीबॉडी मोजता येण्याइतक्या बनायला एक-दोन आठवडे लागतात. केमोथेरपीच्या काही रुग्णांत तर अँटीबॉडी दिसायला लागतात त्या पांढऱ्या पेशी परत वाढल्यावर, म्हणजे माणूस सावरायला लागल्यावर. आग विझल्यावर बंब आला, तसंच.

म्हणूनच जगभरचे तज्ज्ञ इन्व्हेझिव्ह बुरशीच्या आजाराची व्याख्या ठरवताना अ‍ॅस्परजिलसची अँटीबॉडी पुराव्यात धरत नाहीत. २००८ ची व्याख्या घ्या नाहीतर २०२० ची. त्याऐवजी धरतात गॅलॅक्टोमॅनन. हा अ‍ॅस्परजिलसच्या बाहेरच्या भिंतीतला साखरेसारखा पदार्थ आहे, बुरशी वाढताना तो सुटतो आणि रक्तात किंवा फुप्फुस धुऊन काढलेल्या पाण्यात सापडतो. म्हणजे परत अँटीजेनच. कुलपं मोजायची नाहीत, चोराचे बूट शोधायचे.

आता २०२१. म्युकरमायकोसिस.

तुमच्यातले बरेच जण तेव्हा दहावी-बारावीत असाल. दुसऱ्या लाटेत स्टेरॉइड भरपूर दिली गेली, डायबेटिस आपल्याकडे घराघरांत, आणि कोविडने साखर आणखी वर नेली. जुलै २०२१ मध्ये संसदेत सांगितलेल्या आकड्यांनुसार देशात ४५ हजारांहून जास्त रुग्ण आणि ४,३०० हून जास्त मृत्यू झाले होते. सर्वात जास्त रुग्ण महाराष्ट्रात, ९ हजारांच्या वर. राज्य सरकारने महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत उपचार मोफत केले, पण अ‍ॅम्फोटेरिसिन इंजेक्शनसाठी लोक जिल्हे पालथे घालत होते. कुणाचा वरचा जबडा काढावा लागला, कुणाचा डोळा.

त्या काळात फोनवर काय काय यायचं! कांद्याच्या सालीखालची काळी भुकटी म्हणजेच ब्लॅक फंगस, फ्रिजच्या रबराला लागलेलं काळं म्हणजे ब्लॅक फंगस. दोन्ही खोटं. कांद्यावरची काळी भुकटी बहुतेक वेळा अ‍ॅस्परजिलस नायजर असते, तिचा म्युकरशी संबंध नाही. आणि म्युकर स्वतः काळा नसतोच. तो रक्तवाहिन्या बंद करतो, पुढच्या भागाला रक्त मिळत नाही, तो भाग मरतो आणि मेलेला भाग काळा दिसतो. काळी बुरशी हे नावच चुकीचं पडलं, पण आता ते जिभेवर बसलंय.

तेव्हाच लोक लॅबमध्ये विचारायला लागले होते, "काळ्या बुरशीची रक्त तपासणी आहे का?" लोकांचंही काय चुकलं? कोविडचं सगळं काडीवर आणि रक्तावर कळत होतं, हेही कळेल असं वाटलं. पण म्युकरसाठी भरवशाची अँटीबॉडी तपासणी नव्हतीच. आणि मी मघाशी सांगितलेलं गॅलॅक्टोमॅननही म्युकरमध्ये नसतं. बुरशीसाठी आणखी एक रक्त तपासणी करतात, बीटा-डी-ग्लुकॅनची, तीही म्युकरला पकडत नाही. म्हणजे आयसीयूतल्या माणसाच्या या दोन्ही तपासण्या निगेटिव्ह आल्या आणि घरचे "चला, बुरशी नाही" म्हणून निश्चिंत झाले, तरी म्युकर आत शांतपणे पुढे सरकत असू शकतो.

म्हणून "तुकडा काढा". नाकातून दुर्बीण घालून संशयित जागेचा तुकडा घ्यायचा, काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा. त्यात माणसाच्या पेशी विरघळतात, बुरशीचे धागे तसेच राहतात. मायक्रोस्कोपखाली म्युकरचे धागे रुंद, वेडेवाकडे, रिबिनीसारखे दिसतात आणि त्यात आडव्या भिंती फारशा नसतात. अ‍ॅस्परजिलसचे धागे बारीक, एकसारखे, आडव्या भिंतींचे आणि इंग्रजी व्ही अक्षरासारखे फुटणारे. सवय असलेल्या डोळ्याला तासाभरात अंदाज येतो. यंत्र साधं, रसायन स्वस्त. बघणारा डोळा मात्र हवा, आणि तो तालुक्याच्या ठिकाणी सहसा नसतो. पोलादपूरपासून मुंबई जवळजवळ दोनशे किलोमीटर आहे, हे या विषयात विसरून चालत नाही.

वेळ का महत्त्वाचा, त्याचा एक आकडा सांगतो. अमेरिकेत ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरमध्ये ७० म्युकर रुग्णांचा अभ्यास झाला होता, २००८ मध्ये छापून आला. सगळे रक्ताच्या कॅन्सरचे रुग्ण. सहा दिवस किंवा जास्त उशिराने अ‍ॅम्फोटेरिसिन मिळालेल्यांपैकी बारा आठवड्यांत सुमारे ८३ टक्के दगावले. लवकर मिळालेल्यांपैकी सुमारे ४९ टक्के. या हिशोबात मुंबईला रक्त पाठवून चार दिवस रिपोर्टची वाट बघणं कुठे बसतं, ते तुम्हीच ठरवा.

तर घरचे बरोबर होते. म्युकरच्या बाबतीत रक्ताच्या अँटीबॉडीवर विसंबणं म्हणजे वेळ घालवणं.

मग काकांना हीच तपासणी का लिहून दिली? कारण काकांचा आजार, जर तो असलाच तर, वेगळ्या जातीचा आहे. आणि माझ्या मते आजच्या भागातला सर्वात महत्त्वाचा भाग हाच आहे, कारण म्युकरवर सगळे बोलले, यावर कुणीच बोलत नाही.

टीबी बरा झाला म्हणजे जंतू मेले. पण जंतूंनी फुप्फुसात खोदलेली पोकळी बुजतेच असं नाही. अगदी लिंबाएवढी पोकळी राहून जाऊ शकते. ती जागा कशी असते बघा: ओलसर, उबदार, हवा खेळती, आणि रक्तपुरवठा कमी असल्यामुळे पहारेकरी पेशी तिथे कमी पोचतात. श्वासातून रोज शेकडो बीजाणू येतच असतात. त्यातला एखादा इथे बिऱ्हाड करतो. महिनोन् महिने वाढतो. कधी कधी पोकळीत धाग्यांचा गोळाच तयार होतो, त्याला फंगल बॉल म्हणतात. एक्स-रेत तो पोकळीच्या तळाशी बसलेला दिसतो, वर हवेची चंद्रकोर दिसते, आणि रुग्ण कुशीवर वळला तर गोळाही सरकतो. पोकळीच्या भिंतीतल्या रक्तवाहिन्या सुजतात, फुटतात, थुंकीतून रक्त येतं. या आजाराचं नाव क्रॉनिक पल्मनरी अ‍ॅस्परजिलोसिस, सोयीसाठी सीपीए म्हणू.

खोकला, वजन उतरणं, थकवा, थुंकीतून रक्त. ओळखीची यादी वाटते ना? टीबीचीच यादी. एक्स-रेतही पोकळी दिसते. म्हणून होतं असं की थुंकी निगेटिव्ह आली तरी "टीबी परत आला असेल" म्हणून सहा महिन्यांचा कोर्स पुन्हा सुरू होतो. बुरशीला टीबीच्या गोळ्यांनी काही होत नाही. माणूस खंगत जातो. देशात वर्षाला २५ लाखांच्या आसपास टीबी रुग्णांची नोंद होते, त्यातले बहुतेक बरे होतात. बरे झालेल्यांतल्या किती जणांच्या छातीत पोकळी राहिली आहे, हे कुणी घरोघर जाऊन बघत नाही.

या आजारात अँटीबॉडी कामाची का, ते आता सोपं आहे. सीपीए झालेल्या माणसाची फौज सहसा जागी असते, त्याला केमोथेरपी वगैरे चालू नसते. आणि बुरशी महिनोन् महिने एकाच जागी बसून शरीराला टोचत असते. शरीर भरपूर अँटीबॉडी बनवतं, आपल्या तुमच्या रक्तात असते त्याच्या कित्येक पट. मघाचे दोन्ही अडथळे इथे गळून पडतात. फौज आहे, आणि तिला वेळही मिळालाय. उलट इथे थुंकीत बुरशी शोधायला गेलं तर ती बऱ्याचदा उगवतच नाही, आणि उगवली तरी ती हवेतून पडलेली असू शकते. तुकडा काढायचा म्हटलं तर रक्त पडणाऱ्या छातीत सुई घालायची, ते काही हसत-खेळत करायचं काम नाही.

ही युक्ती नवी नाही. १९६० च्या दशकात लंडनच्या ब्रॉम्प्टन हॉस्पिटलमध्ये जॅक पेपिस आणि जोन लाँगबॉटम यांनी यावर काम केलं. तेव्हाची पद्धत मला फार आवडते, कारण ती डोळ्यांनी बघता येते. बशीत अगरची जेली ओतायची, फालुद्यातल्या चायना ग्रासची जेली असते ना, तशीच. तिला दोन खड्डे पाडायचे. एकात रुग्णाच्या रक्ताचं पाणी, म्हणजे सीरम. दुसऱ्यात अ‍ॅस्परजिलसचा अर्क. झाकून ठेवायचं. दोन्ही जेलीतून हळूहळू एकमेकांकडे सरकतात, आणि रुग्णाच्या रक्तात भरपूर अँटीबॉडी असतील तर जिथे भेट होते तिथे एक पांढरी रेघ उमटते. बस. रेघ आली म्हणजे ओळख जुनी आणि घट्ट आहे.

त्याच दशकात ब्रिटनच्या टीबीवाल्या डॉक्टरांनी एक मोठी पाहणी केली. टीबी बरा झालेले, पण अडीच सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी पोकळी उरलेले ५४४ लोक घेतले. त्यांच्यातल्या चौथ्या हिश्शाच्या रक्तात ही रेघ आली. तीन वर्षांनी परत बघितलं तर प्रमाण तिसऱ्या हिश्शापर्यंत गेलं होतं. म्हणजे पोकळी रिकामी असेल तर भाडेकरू उशिरा का होईना, येतो. पन्नास वर्षांपेक्षा जुनी माहिती आहे ही. तरी आपल्याकडे टीबीचा कोर्स संपल्यावर कार्डावर "बरा झाला" असा शिक्का बसतो आणि विषय संपतो. मला विचाराल तर पोकळी राहिलेल्या माणसाला तो शिक्का मारताना एक वाक्य तरी जोडून सांगायला हवं: खोकला परत आला तर बुरशीचाही विचार करा.

आज जेलीच्या बशीऐवजी एलिसा किंवा तसलीच यंत्रावरची पद्धत वापरतात. महाडच्या कलेक्शन सेंटरवर रक्त घेतात, फिरवून सीरम वेगळं करतात, थंड डब्यातून मुंबईला जातं. तिथे प्लास्टिकच्या छोट्या खळग्यांत आधीच बुरशीचा अर्क चिकटवलेला असतो. सीरम घातलं की अँटीबॉडी त्याला धरते, मग रंग देणारं रसायन घालतात. रंग जितका गडद, तितकी अँटीबॉडी जास्त. म्हणून रिपोर्टवर नुसतं हो-नाही नसतं, आकडा असतो. तो आकडाच महत्त्वाचा, कारण थोडी अँटीबॉडी तर माझ्याही रक्तात निघेल.

हा आकडा वाचताना तीन-चार गोष्टी डोक्यात ठेवा. कुठल्या आकड्यापासून पुढे आजार समजायचा, ती रेषा प्रत्येक कंपनीच्या किटची वेगळी असते. दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवून "वाढलं, कमी झालं" असं करू नका, फेरतपासणी त्याच पद्धतीने करा. शिवाय युरोपातल्या लोकांवर ठरवलेली रेषा आपल्याकडे जशीच्या तशी लागू पडेल असं नाही. म्हणून चंडीगडच्या पीजीआयसारख्या संस्थांनी इथल्या रुग्णांवर वेगळा अभ्यास केला आहे. आणि बहुतेक किट अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस या एकाच जातीवर बेतलेली असतात. आपल्याकडे फ्लेव्हस नावाची भावंडं जातही बरीच आढळते. आजार तिच्यामुळे झाला असेल तर रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. चांगलं किट साधारण दहातल्या नऊ जणांना पकडतं, दहावा निसटतो.

उलट बाजूही आहे. आकडा जास्त आला म्हणजे निदान झालं असंही नाही. दम्याच्या काही रुग्णांत अ‍ॅस्परजिलसची अ‍ॅलर्जी असते, तिथेही आयजीजी वाढतं. (तिथे मुख्य तपासणी आयजीईची असते. एक अक्षर बदललं की आजार बदलतो, चिठ्ठी नीट वाचा.) सीपीए म्हणायला डॉक्टर तीन पाय बघतात: तीन महिन्यांपेक्षा जास्त चाललेला त्रास, एक्स-रे किंवा सीटी स्कॅनमध्ये तसंच चित्र, आणि बुरशीचा पुरावा. तो पुरावा बहुतेक वेळा हीच अँटीबॉडी. शिवाय टीबी परत आलेला नाही याची खात्री, कारण दोन्ही एकत्रही असू शकतात.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, ती थेट औषधाशी जोडलेली आहे. सीपीएवर साधारणपणे इट्राकोनॅझोलसारख्या गोळ्या देतात, निदान सहा महिने. टीबीच्या औषधांत रिफाम्पिसिन असतं. रिफाम्पिसिन यकृताला इतकं कामाला लावतं की इट्राकोनॅझोल रक्तात टिकतच नाही. म्हणजे "सेफ साइड म्हणून दोन्ही चालू ठेवू" असं केलं तर बुरशीची महागडी गोळी पोटात जाते आणि जवळजवळ वाया जाते. म्हणून अंदाजाने टीबीचा कोर्स परत सुरू करण्याआधी निदान पक्कं करण्यात अर्थ आहे. त्या रक्त तपासणीचे पैसे वसूल होतात ते इथे.

जाता जाता आणखी दोन बुरशा, कारण कमेंटमध्ये कुणीतरी विचारणारच. पहिली क्रिप्टोकॉकस. एचआयव्ही असलेल्या आणि सीडी४ दोनशेच्या खाली गेलेल्या माणसाच्या मेंदूच्या आवरणाला ती सूज आणते. तिथे रक्तात अँटीबॉडी शोधतच नाहीत, अँटीजेन शोधतात. प्रेग्नन्सी टेस्टसारखी पट्टी असते, काही मिनिटांत कळतं, आणि डोकेदुखी सुरू व्हायच्या काही आठवडे आधीही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. बुरशीच्या तपासण्यांत इतकी छान चालणारी दुसरी मला माहीत नाही. दुसरी आपल्याकडची नाहीच. अ‍ॅरिझोना आणि कॅलिफोर्नियाच्या कोरड्या मातीतली कॉक्सिडिऑइडिस, तिच्या आजाराला तिकडे व्हॅली फीव्हर म्हणतात. तिथे अँटीबॉडी हीच मुख्य तपासणी आहे. कारण ती बुरशी सगळीकडे नाही, त्यामुळे ओळख असणं हीच बातमी ठरते. तुमचा कुणी मावसभाऊ फिनिक्सला नोकरीला असेल आणि तिकडून आल्यावर त्याचा न्यूमोनिया बरा होत नसेल, तर डॉक्टरांना तो कुठे राहत होता ते आवर्जून सांगा.

आता परत काकांकडे. मित्रा, तू विचारलंस धंदा आहे का. तू सांगितलेल्या गोष्टीत, म्हणजे जुना टीबी, वर्षभराचा खोकला, उतरलेलं वजन, थुंकीतून रक्त आणि टीबी निगेटिव्ह, यात डॉक्टरांनी ही तपासणी लिहिली नसती तर मला आश्चर्य वाटलं असतं. करून घ्या. काकांना डायबेटिस असेल किंवा दुसऱ्या कशासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर ते डॉक्टरांना आधी सांगा. कारण तेव्हा निगेटिव्ह रिपोर्टचा भरवसा कमी होतो आणि डॉक्टर दुसऱ्या वाटेने जातील. सीटी स्कॅन सांगितला तर तोही टाळू नका. नुसत्या रक्तावरून कुणी औषध सुरू करत असेल तर "छातीचा फोटो बघायचा नाही का?" असं विचारायला लाजू नका.

थुंकीत लाल रेघ दिसणं वेगळं आणि कपभर रक्त पडणं वेगळं. तसं झालं तर रिपोर्टची वाट बघायची नाही, १०८ ला फोन करायचा आणि सरळ मोठ्या हॉस्पिटलमध्ये न्यायचं. कशेडीचा बोगदा झाल्यापासून खेडच्या बाजूने येणाऱ्यांचा घाट वाचतो, पण मुंबईकडचं अंतर तेवढंच आहे. त्यामुळे रात्री कुठे न्यायचं हे आजच डॉक्टरांना विचारून ठेव.

आणि एक काम तुझं. काकांच्या सात वर्षांपूर्वीच्या टीबीच्या वेळचा एक्स-रे घरात कुठेतरी असेल, बहुतेक कपाटावर, पिवळ्या पाकिटात, बुरशी लागलेला. तो शोध, पुसून घे आणि नव्या एक्स-रेबरोबर डॉक्टरांसमोर ठेव. पोकळी तेव्हा किती होती आणि आज किती आहे, तिच्या भिंती जाड झाल्यात का, तिच्यात काही बसलंय का, हे रक्ताच्या कुठल्याच आकड्यातून दिसत नाही. रिपोर्ट आला की कळव, आकडा आणि किटचं नाव दोन्ही.